स्वयंसेवा आणि सरकार : बाजारपेठेतील एक अनुभव

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी आम्हांस समाजसेवा आणि सरकारचे साहाय्य या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो धान्याचे व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढील सारे आयुष्य पोत्यांच्या थप्प्या मोजण्यात आणि खतावणीची पाने उलटण्यात गेले. तेव्हा विद्वानांप्रमाणे या विषयाची मांडणी आमच्याकडून होणार नाही. तथापि चाळीस वर्षांहून अधिक काळ बेळगावच्या बाजारात बसून जे पाहिले, जे हातून घडले आणि जे चुकले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्यास हरकत नसावी. त्यातही चुकले तेच अधिक सांगावे, असे वाटते.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील महापूर आपणांपैकी कोणीही विसरले नसेल. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या आपल्या जिल्ह्यातील नद्या एकाच आठवड्यात फुगल्या. बेळगाव शहरातील सखल भागांत घरांमधून पाणी शिरले. पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी व्यापाऱ्यांनी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. एके रात्री नऊ वाजता बाजारात निरोप फिरला आणि पहाटे चार वाजता तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, साखर व मीठ यांनी भरलेला ट्रक उभा राहिला. कोणी किती दिले, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. हमालांनी त्या रात्रीची हमाली घेतली नाही. हे आम्ही मुद्दाम नोंदवितो; कारण स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातात, हमालांची छापली जात नाहीत.

सत्तर-ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून आम्ही चिक्कोडी तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावी पोहोचलो. गाव मोठ्या रस्त्यालगत होते, म्हणून आमच्या आधी तेथे चार गाड्या येऊन गेल्या होत्या. शाळेत उघडलेल्या गंजी केंद्राच्या ओसरीवर जुन्या कपड्यांचा ढीग भिजत पडला होता. पावाच्या पुड्यांस बुरशी धरू लागली होती. तेथील तरुणांनीच आम्हांस सांगितले की, येथे पुरे झाले, आत जा. आतल्या वस्तीवर अद्याप कोणी गेलेले नाही. चिखलातून ट्रक जेथवर गेला तेथवर नेला. तेथील एक वृद्ध शेतकरी आमच्या पोत्यांकडे पाहून म्हणाले, “सावकार, ज्वारी आणलीत, उपकार झाले. पण दळायची कशावर? गिरणी पाण्यात, चुली पाण्यात. माणसे कशीबशी जगतील. म्हशी चार दिवस उपाशी आहेत, त्यांचे काय ते बघा.”

आम्हांस त्या क्षणी फार लाज वाटली. धान्याच्या व्यापारात जन्म गेला, आणि धान्य दळावे लागते एवढे आम्हांस सुचले नाही! दुसऱ्या फेरीस आम्ही चुरमुरे, पोहे आणि दळलेले पीठ नेले. जनावरांसाठी सरकी पेंड, गव्हाचा भुसा आणि मिळेल तेवढा कडबा नेला. परंतु मधले दोन दिवस फुकट गेले, आणि त्या दोन दिवसांत तीन म्हशी गेल्या असे नंतर कळले. त्या आमच्या अज्ञानाने गेल्या, असे आमच्या घरात आजही कोणी म्हणत नाही. आम्ही मात्र मनात तसे म्हणतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या वस्तीचे तलाठी गुडघाभर चिखलातून फिरत होते. त्यांच्या वहीत कुटुंबे किती, माणसे किती, दुभती जनावरे किती, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, सारे लिहिलेले होते. ही माहिती ते रोज सायंकाळी तालुक्यास कळवीत. तेथून ती जिल्ह्यास जाई आणि तेथून बेंगळूरला. म्हणजे जी माहिती एका रात्रीत राजधानीपर्यंत पोहोचत होती, ती त्याच जिल्ह्यातल्या आमच्या बाजारपेठेत पोहोचत नव्हती. धान्य आमच्याकडे, ट्रक आमच्याकडे, हात आमच्याकडे. आणि गरज कोणती याची यादी सरकारकडे. दोघेही आपापल्या परीने राबत होते आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

सरकारने समाजसेवेस उत्तेजन द्यावे म्हणजे काय करावे, असा प्रश्न कोणी विचारला तर आमचे पहिले उत्तर एवढेच की, त्या तलाठ्याच्या वहीतील पान रोज संध्याकाळी बाजार समितीच्या फलकावर लावावे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

परदेशांत हे कसे चालते, याची चौकशी आम्ही पुढे आमच्या शिकलेल्या पुतण्याकडून केली. जपानात १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात मोठा भूकंप झाला. त्या वेळी देशभरातून सुमारे तेरा लाख स्वयंसेवक धावून आले आणि आपल्याप्रमाणेच पुष्कळसा गोंधळ झाला. जपानी लोकांनी त्यावरून धडा घेतला. १९९८ साली त्यांनी सेवासंस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. आता तेथे पूर अथवा भूकंप झाला की, स्थानिक समाजकल्याण परिषद त्या गावात स्वयंसेवकांचे केंद्र उघडते. ज्यांना मदत हवी ती कुटुंबे तेथे आपली गरज नोंदवितात, आलेल्या तरुणांच्या तुकड्या पाडल्या जातात, आणि कोणती तुकडी कोणाच्या घरातील गाळ उपसणार हे ठरवून दिले जाते. काम लोकांचे, नुसती चिठ्ठी परिषदेची. आपल्या बाजारात अडत्या दुसरे काय करतो? विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देतो. सरकारने संकटकाळी सेवेचा अडत्या व्हावे, आणि अडत मात्र घेऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

आता दुसरी हकीकत सांगतो. ती सांगताना जीव जड होतो. त्याच पहिल्या फेरीत, शाळेच्या निसरड्या पायऱ्यांवरून पोते उतरविताना आमच्या वखारीवरील एक हमाल घसरला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. वय पंचेचाळीस, घरी तीन मुले. शस्त्रक्रियेचा बराचसा खर्च सरकारी आरोग्य कार्डावर निभावला, त्याबद्दल सरकारचे आभारच मानले पाहिजेत. परंतु पुढे चार महिने तो अंथरुणास खिळला. हमालाची मजुरी पोत्यावर असते. पोते उचलले नाही, त्या दिवशी चूल नाही.

आम्ही वकिलांकडे गेलो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा १९२३ सालचा होता. पण तो मालकाच्या कामावर असता अपघात झाला तर लागू. त्या दिवशी तो कोणाच्याही कामावर नव्हता. हमालीदेखील घेणार नव्हता. पूरग्रस्तांसाठी सरकारी मदत होती. पण तो पूरग्रस्त नव्हता. त्याच्या बँकखात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे बारा रुपये कापले गेले होते (२०२२ पासून तो हप्ता वीस रुपये झाला), म्हणून आम्हांस थोडी आशा वाटली. पण त्या योजनेत मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आले तरच पैसे मिळतात, मोडलेले हाड त्यात बसत नाही. ज्या माणसाने पैशाचा विचार न करता खांदा दिला, त्याच्यासाठी कोणत्याच कायद्यात रकाना नव्हता. एका कचेरीतील कारकुनाने तर आम्हांस विचारले, “त्याला जायला सांगितले कोणी?” त्या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो, कारण सांगितले होते आम्हीच.

त्याच्या घरखर्चाची वर्गणी बाजारात जमली, हे खरे. परंतु वर्गणी मागावयास आम्ही दुकानोदुकानी गेलो तेव्हा पहिल्या महिन्यात जे हात सैल होते ते तिसऱ्या महिन्यात आखडले. माणसाचा स्वभावच तसा आहे; आम्ही कोणास दोष देत नाही. पण म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या दयेवर सोडू नये.

या बाबतीत जर्मनीची रीत आम्हांस फार पसंत पडली. तेथे १९५० साली स्थापन झालेले तांत्रिक साहाय्याचे एक सरकारी दल आहे. त्यातील मनुष्यबळ जवळजवळ सारे स्वयंसेवकांचे, ऐंशी हजारांहून अधिक. पूर आला की कोणी सुतार, कोणी वीजतंत्री, कोणी दुकानातील नोकर आपले काम सोडून जातो. त्याचा पगार मालकाने कापावयाचा नाही, आणि खासगी मालकास ती रक्कम सरकार परत देते. यातील मर्म व्यापाऱ्यास लगेच कळेल. आपल्याकडे एका पेढीवर एक मुनीम आणि दोन नोकर. भर हंगामात त्यांतील एक आठ दिवस गेला तर धंदा अडतो. म्हणून आपण मनात असूनही ‘जा’ म्हणत नाही. नोकराचे पुण्य मालकाच्या खर्चाने, किंवा मालकाचे पुण्य नोकराच्या खर्चाने, असे होऊ नये याची व्यवस्था त्या देशाने केली आहे. जपानातही स्वयंसेवकास वर्षाला काही शे येनांत अपघाताचा विमा मिळतो.

आपल्या देशात काहीच नाही, असे मात्र समजू नये. होमगार्ड दल मुंबई राज्यात १९४६ सालीच उभे राहिले. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. २०१६ पासून ‘आपदा मित्र’ योजना आहे. आरंभी पुराचा धोका असलेल्या ३० जिल्ह्यांतून प्रत्येकी २०० तरुणांस शिक्षण देण्याचे ठरले. पुढे ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक इतका तिचा विस्तार झाला. त्यांना बारा दिवसांचे शिक्षण, साहित्याची पिशवी आणि विम्याचे संरक्षण दिले जाते. योजना उत्तम आहे. उणीव इतकीच की, पूर आला त्या रात्री जो बिनशिक्षित, बिननोंदलेला माणूस धावतो, तो तिच्या बाहेर राहतो. आणि आपल्या गावांत अजून तोच संख्येने अधिक आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तरुणांची नावनोंदणी करण्यासाठी ‘मेरा युवा भारत’ हे व्यासपीठ निघाले. आमच्या नातवाने भ्रमणध्वनीवर नाव नोंदविले आणि लगोलग प्रमाणपत्र आले! काम काय केलेस, असे विचारता तो हसला. महाविद्यालयात सेवा योजनेचे दोन वर्षांत २४० तास भरावयाचे असतात. तेही कधी कधी वहीतच भरतात, असे त्याच्याकडूनच कळले. सरकारला मोजण्याचा नाद असतो, आणि सेवा ही मापाने मोजू गेले की मापाडीच हुशार होतात. हे आम्ही काट्यावर बसणारा माणूस या नात्याने सांगतो.

मोजावे ते धान्य, पण तेच मोजले जात नाही. ‘८० जी’ या नावाने आपण ओळखतो ती प्राप्तिकरातील सवलत केवळ पैशाच्या देणगीस मिळते; वस्तुरूप देणगीस नाही. दोन हजार रुपयांवर रोख दिली तरी नाही. नव्या करपद्धतीत तर ही सवलत मुळीच नाही. जो वस्तू व सेवा कर भरून आपण ताडपत्री अथवा घोंगडी विकावयास घेतली, ती दान केली तर भरलेल्या कराची वजावट परत फेडावी लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ती भेट ठरते. म्हणजे पुरात व्यापाऱ्याने धनादेश दिला तर तो दाता, आणि ज्या वेळी धनादेश कोणास खाता येत नाही त्या वेळी धान्य दिले तर तो कोणीच नाही.

यावर सरकारचे म्हणणे काय असेल, ते आम्ही जाणतो. किडका, दोन वर्षांचा पडून राहिलेला माल द्यावयाचा आणि त्यास उत्तम प्रतीचा भाव लावावयाचा, असे करणारे आपल्यांतही निघतील. निघतील कशाला, आहेत. २०१९ च्या त्या ट्रकमध्येही अशी दोन पोती आम्ही स्वतः उतरवून ठेवली होती. परंतु यास उपाय बाजारातच आहे. बाजार समिती प्रत्येक धान्याचा किमान, कमाल आणि सरासरी भाव रोज जाहीर करते. समितीच्या काट्यावर माल जोखावा, प्रत पाहून पावती द्यावी, त्या दिवसाचा किमान भाव धरावा आणि तेवढ्याच रकमेस सवलत द्यावी. किमान भाव म्हटल्यावर लबाडीस जागा कोठे राहिली? हा ठराव आपल्या संघाने करून पाठवावा, अशी आमची या लेखाच्या निमित्ताने सूचना आहे.

सरकारने मनावर घेतले म्हणजे एका कलमाने किती फरक पडतो, याचेही उदाहरण देतो. रस्त्यावर अपघात झाला तर जखमीस हात लावावयास लोक भीत. पोलिसांचे जाबजबाब, कोर्टाचे खेटे कोणी घ्यावे! सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदत करणाऱ्यांस संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्यास दोषी धरावयाचे नाही. यात सरकारने कोणास बक्षीस दिले नाही. भीती तेवढी काढली.

बक्षीस मुळीच नको, असेही आमचे मत नाही. महाराष्ट्रात २०००-०१ साली तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते सीमेपलीकडील आमच्या नातेवाइकांच्या गावी आम्ही पाहिले आहे. सरकारने गावागावांत स्पर्धा लावली आणि तपासणीस येण्याचा दिवस कळविला. झाडू गावाने हाती घेतला. ज्या गल्लीतून नाक धरून जावे लागे तेथे रांगोळ्या निघाल्या. पुढे तपासणी संपल्यावर काही ठिकाणी शौचालयांत सरपण भरले गेले, हेही पाहिले. तरी एकदा स्वच्छ झालेली गल्ली पुन्हा पूर्वीइतकी घाण झाली नाही.

त्याहून जुळलेला संसार आम्हांस बुलढाणा जिल्ह्यातील गाळ काढण्याच्या कामाचा वाटतो. २०१८ पासून तेथे भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, डिझेल सरकारने दिले आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने आपल्या शेतांत वाहून नेला. प्रत्येकाने आपल्यापाशी होते ते घातले. कोणी कोणाचा चाकर झाला नाही. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण सरकारी साहाय्याबरोबर सरकारी मर्जीही येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविणाऱ्या त्या संस्थेचे सरकारी अनुदान १९४८ साली भाऊरावांच्या एका भाषणावरून काही काळ बंद झाले होते. आपल्याच समाजात जन्मलेल्या त्या थोर पुरुषाने त्या दिवसांत काय सोसले असेल! ज्या हातांनी अनुदान यावे त्याच हातांनी तोंडावर बोट ठेवावे, असे न घडेल इतके मोठे मन सरकारपाशी असले पाहिजे.

आणि आपल्या मनाचे काय? जुन्या पेढ्यांवर प्रत्येक पोत्यामागे धर्मादाय म्हणून काही पैसे कापले जात, त्यांतून पाणपोया आणि पांजरपोळ चालत. आमच्या आजोबांच्या वह्यांत ‘धर्मादाय खाते’ हे पान आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्याचा आपणांस अभिमान असतो. परंतु ते पैसे पुष्कळदा शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेले असत. दान त्याचे, नाव आपले. बाजार समित्यांच्या कायद्याने ती कपात बंद झाली, ते योग्यच झाले. ते पान मात्र कोरे राहू देण्याचे कारण नव्हते.

तो हमाल मार्गशीर्षात पुन्हा बाजारात आला. पोते उचलणे आता त्यास जमत नाही. आमच्या वखारीत काट्यावर उभा असतो. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पुन्हा पाणी चढले आणि ट्रक भरू लागला, तेव्हा तो काट्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, “सावकार, या खेपेस पोरांची नावे कुठे लिहिलीत काय?” लिहिली होती. त्या वर्षीच्या जूनपासून आम्ही काही व्यापारी मिळून बाजारातील हमाल आणि नोकर यांचा सामुदायिक अपघात विमा उतरवितो. त्यात बुडालेल्या मजुरीचे दर आठवड्यास पैसे मिळतात, आणि मनुष्य हमालीवर असो की सेवेवर, दोन्ही धरले जाते. विमा कंपनीकडून हे लिहून घेण्यास तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. हप्ता आमच्या पेढीवर धर्मादाय खात्यात पडतो, आणि तो सर्वस्वी आमच्या गल्ल्यातून जातो. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. ज्या सभासदांना आपल्याकडील माणसांची नावे घालावयाची असतील, त्यांनी मेच्या वीस तारखेपर्यंत यादी संघाच्या कार्यालयात द्यावी. नाव, वय आणि वारसाचे नाव एवढे पुरे.